कात्री कोणाच्या हाती? : जनुकाची संहिता आणि तिचे पाठभेद

१

‘हे आमच्या डीएनएमध्येच आहे’ हे वाक्य अलीकडच्या मराठीत चांगलेच रुळले आहे. पूर्वी जेथे ‘रक्तातच आहे’ असे म्हटले जाई, तेथे आता डीएनए येऊन बसला आहे. पक्षाचे, जातीचे, प्रांताचे गुणगान करताना व्यासपीठावरून तो ऐकू येतो, जाहिरातींत दिसतो, विद्यार्थ्यांच्या निबंधांतही डोकावतो. शब्द बदलला, पण त्यामागची समजूत बदललेली नाही. ती समजूत अशी : प्रत्येक पेशीत एक संहिता असते, तिच्यातील प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ असतो आणि तो जन्मतःच कायम झालेला असतो. सटवाईने सहाव्या दिवशी कपाळी लिहिलेला लेख आणि डीएनए यांत मग फारसे अंतर उरत नाही.

ही समजूत केवळ भाबडी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती बहुतांशी शास्त्रसंमत होती, आणि तिच्या आधारावर काही फार मोठे शोध लागले. १९७७ साली तिला तडा गेला. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत, विशेषतः पेशींमधील निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रथिनांच्या अभ्यासातून, हा तडा रुंदावत गेला. हा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. एक कारण असे की या शास्त्राची बहुतेक परिभाषा आपल्या घरातून उसनी गेलेली आहे. लिपी, प्रतिलेखन, भाषांतर, वाचनचौकट, संपादन हे सारे शब्द मुळात ग्रंथव्यवहाराचे आहेत. शेजाऱ्याकडे गेलेली भांडी परत येताना कोणत्या स्थितीत येतात, हे पाहण्याचा अधिकार आपल्याला आहेच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अर्थ संहितेत असतो की वाचनात, हा आपला जुना वाद. पेशीविज्ञानाला तो प्रयोगशाळेत, इच्छा नसताना, सोडवायला घ्यावा लागला.

२

१९४१ साली जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टाटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर क्ष-किरणांचा मारा करून तिच्या जनुकांत बिघाड घडवले. एक जनुक बिघडले की रासायनिक प्रक्रियेचा एक टप्पा अडतो, असे त्यांना दिसले. त्यावरून ‘एक जनुक, एक विकर’ हे सूत्र रूढ झाले. पुढे ते ‘एक जनुक, एक प्रथिनसाखळी’ असे सुधारण्यात आले. १९५३ साली डीएनएची दुपेडी रचना उलगडली. १९५७ साली फ्रान्सिस क्रिक यांनी एका व्याख्यानात माहितीच्या प्रवासाची दिशा मांडली : डीएनएकडून आरएनएकडे आणि आरएनएकडून प्रथिनाकडे. १९६६पर्यंत या लिपीचा कोशही पूर्ण झाला. चार अक्षरे, तीन-तीन अक्षरांचे चौसष्ट शब्द, आणि त्यांतून सूचित होणारी वीस अमिनो आम्ले. या कामातील वाट्याबद्दल हरगोविंद खोराना यांना १९६८च्या नोबेल पुरस्कारात सहभाग मिळाला.

या चित्राला भक्कम आधार दिला तो चार्ल्स यानोफ्स्की यांनी. आतड्यातील एका जीवाणूवर काम करताना १९६४ साली त्यांनी दाखवले की, जनुकातील बदल ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने प्रथिनातील बदलही येतात. ओळ तशी ओवी. मध्ये खंड नाही, उलटापालट नाही. हे सारे काम प्रामुख्याने जीवाणू आणि त्यांच्यावर वाढणारे विषाणू यांच्यावर झालेले होते. तथापि जीवाणूबाबत जे खरे ते हत्तीबाबतही खरे, अशा आशयाचे ज्याक मोनो यांचे उद्गार त्या काळात प्रमाणवाक्यासारखे झाले होते.

एक विसंगती मात्र खुपत होती. प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशींत केंद्रक असते. त्या केंद्रकात फार लांब आरएनए तयार होतो, त्याचा बराचसा भाग तेथेच नष्ट होतो आणि बाहेर येणारा संदेशवाहक आरएनए मात्र आखूड असतो, हे १९६०च्या दशकापासून माहीत होते. छापखान्यात पोतेभर कागद जावा आणि बाहेर एक पातळ पुस्तिका यावी, तसा हा प्रकार होता. उरलेल्या कागदाचे काय होते, हे कोणाला सांगता येत नव्हते. जीवाणूंना केंद्रकच नसल्यामुळे त्यांच्या अभ्यासातून याचे उत्तर मिळण्याची शक्यताही नव्हती. हत्तीला हत्ती म्हणूनच पाहणे भाग होते.

३

उत्तर आले ते सर्दीस कारणीभूत होणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूकडून. हा विषाणू प्राण्यांच्या पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे त्या यंत्रणेच्या सवयी त्याच्या लहानशा संहितेत सहज पाहता येतात. अमेरिकेतील दोन गट या विषाणूवर काम करत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुसान बर्गेट, क्लेअर मूर आणि फिलिप शार्प; कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे लुईझ चाऊ, रिचर्ड गेलिनास, थॉमस ब्रोकर आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स.

प्रयोगाची कल्पना साधी होती. संदेशवाहक आरएनए हा डीएनएची प्रत असतो. म्हणून दोघांना एकत्र आणले तर ते अक्षराला अक्षर जुळून एकमेकांना चिकटतील. मूळ आणि प्रत शेजारी ठेवून ताडून पाहण्याचाच हा प्रकार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र निराळेच दृश्य दिसले. आरएनएचे एक टोक न जुळता मोकळे लोंबत राहिले होते. डीएनएचा अधिक लांब तुकडा घेतल्यावर ते टोकही जुळले, पण तीन वेगवेगळ्या, दूरदूरच्या ठिकाणी. मधला डीएनए तीन फासांच्या आकारात बाहेर फुगून आलेला होता. याचा अर्थ एकच निघत होता. प्रतीत जे सलग होते ते मुळात तुटक होते. मधला मजकूर कोणीतरी गाळून कडेचे तुकडे सांधले होते.

१९७७च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात हे निष्कर्ष मांडले गेले आणि त्याच वर्षी दोन्ही गटांचे निबंध प्रसिद्ध झाले. चाऊ आणि सहकाऱ्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘विस्मयकारक’ या अर्थाचे विशेषण आहे. शास्त्रीय नियतकालिकांच्या कोरड्या शैलीत असा शब्द क्वचितच आढळतो. या क्रियेला नाव मिळाले स्प्लायसिंग. खलाशी दोरखंडाची दोन टोके गुंफून एकजीव करतात, किंवा चित्रपटाचा संकलक फीत कापून पुन्हा जोडतो, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. आपण तिला ‘जोडणी’ म्हणू. मात्र तीत कापणे गृहीत आहे हे लक्षात ठेवावे.

या शोधाला १९९३ साली नोबेल पुरस्कार मिळाला तो रॉबर्ट्‌स आणि शार्प या दोघांना. दोन्ही निबंधांवर पहिले नाव स्त्रीचे होते : एकावर बर्गेट, दुसऱ्यावर चाऊ. सूक्ष्मदर्शकातील निर्णायक चित्रांमागे चाऊ यांचे कौशल्य होते, आणि त्यांना वगळल्याबद्दल तेव्हा वैज्ञानिकांमधूनच नाराजी व्यक्त झाली. हा पुरस्कार तिघांत वाटता येतो. म्हणजे एक जागा रिकामीच होती. गाळलेल्या मजकुराचा शोध ज्या प्रसंगी गौरवला गेला, त्याच प्रसंगी शोधणारी नावेही गाळली गेली, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

४

विषाणूत दिसलेली ही रीत लवकरच कोंबडीच्या अंड्यातील प्रथिनाच्या आणि सशाच्या व उंदराच्या रक्तातील प्रथिनाच्या जनुकांतही आढळली. १९७८च्या प्रारंभी वॉल्टर गिल्बर्ट यांनी एका छोट्या टिपणात या तुकड्यांना नावे दिली. अंतिम संदेशात राहणारा तो एक्झॉन, गाळला जाणारा तो इंट्रॉन. त्याच टिपणात त्यांनी आणखी एक शक्यता सुचवली होती. जोडणी दर वेळी एकाच रीतीने झाली पाहिजे असे नाही. ती बदलली तर एकाच जनुकापासून जुने प्रथिन कायम राहून शिवाय नवेही मिळू शकेल.

हा तर्क दोन वर्षांतच खरा ठरला. रक्तातील बी-पेशी परक्या पदार्थांशी लढणारी प्रतिपिंडे तयार करतात. आरंभी ही प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेली असतात आणि परका पदार्थ भेटल्याचा निरोप आत पोचवतात. पुढे तीच पेशी तशीच प्रतिपिंडे रक्तात सोडू लागते. रोवलेल्या आणि सुट्या प्रतिपिंडांत फरक असतो तो शेपटीचा. १९८० साली तीन गटांनी दाखवले की, या दोन शेपट्या एकाच जनुकाच्या आरएनएला दोन रीतींनी पूर्णविराम देऊन व जोडून मिळतात. एकच प्रथिन एका पाठात टपाल घेणारे होते, दुसऱ्या पाठात शस्त्र.

१९८२ साली सुसान अमारा, मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. कॅल्सिटोनिन हे थायरॉइड ग्रंथीतील काही पेशींतून स्रवणारे संप्रेरक. रक्तातील कॅल्शियम कमी करणे हे त्याचे कार्य. या संप्रेरकाच्या जनुकाचा आरएनए चेतापेशींत निराळ्या रीतीने जोडला जातो, असे या संशोधकांच्या ध्यानात आले. पहिले तीन एक्झॉन दोन्हींकडे समान. थायरॉइडमध्ये त्यापुढे चौथा येतो आणि वाक्य तेथेच संपते. चेतापेशीत चौथा गाळून पाचवा व सहावा येतात. त्यातून मिळणारे प्रथिन कोणाला माहीतच नव्हते. आधी त्याचा पाठ वाचला गेला आणि मग ते शरीरात शोधले गेले. ‘कॅल्सिटोनिन जनुकाशी संबंधित पेप्टाइड’ असे लांबलचक नाव त्याला मिळाले. सीजीआरपी हे त्याचे लघुरूप. ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि अर्धशिशीच्या वेदनेत त्याचा वाटा असतो, हे पुढे कळले. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले अर्धशिशीवरील एक औषध या पेप्टाइडचा निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहीलाच अडवते. एकाच ओळीच्या दोन वाचनांतून एकदा हाडांशी निगडित संप्रेरक निघाले, एकदा डोकेदुखीचा दूत.

येथपर्यंत दोन अर्थ निराळे होते, परस्परविरोधी नव्हते. १९९०च्या दशकात विरोधी अर्थही सापडले. फास हे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन पेशीला आत्मनाशाचा आदेश देते. त्याच्या आरएनएतील सहावा एक्झॉन गाळला की प्रथिनाचा पडद्यात रुतणारा भागच नाहीसा होतो. असे सुटे फास बाहेर वावरते, मृत्यूचा निरोप वाटेतच अडवते आणि पेशीला वाचवते. १९९३ साली वर्णन झालेल्या बीसीएल-एक्स या जनुकाचा लांब पाठ पेशीला जगवतो, आखूड पाठ मारतो.

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग येथे आठवल्याशिवाय राहत नाही. युधिष्ठिर खोटे बोलला नाही. मेला तो हत्ती, हे त्याने सांगितले. परंतु नेमका तोच शब्द गलबल्यात बुडाला आणि द्रोणाने पुत्रशोकाने शस्त्र खाली ठेवले. वाक्यात नवे काहीच घातले गेले नव्हते, एक पद काय ते गळले होते. पेशीत हे घडते तेव्हा त्यात कपट नसते. पण एक पद गाळून जीवन-मरणाचा निर्णय उलटवता येतो, ही गोष्ट मात्र तीच आहे.

५

मग ही कात्री कोणाच्या हाती असते?

पहिले उत्तर यंत्रणेविषयी होते. ल्युपस नावाच्या विकारात रुग्णाचे शरीर स्वतःच्याच पेशीद्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे वापरून केंद्रकातील लहान आरएनए आणि प्रथिने यांचे संघ वेगळे काढले. १९८० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी सुचवले की जोडणीचे काम हेच संघ करत असावेत. इंट्रॉनच्या आरंभी आणि अखेरीस ठरावीक अक्षरजोड्या असतात. हे संघ त्या खुणा ओळखतात, एकत्र येतात, मधला भाग वळसा घालून कापतात आणि कडा सांधतात. या संपूर्ण यंत्रणेला स्प्लायसोसोम म्हणतात. तीत पाच लहान आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने असतात.

पण यंत्रणा सर्व पेशींत जवळजवळ सारखीच असते. थायरॉइड आणि चेतापेशी यांची निवड निराळी का, याचे उत्तर तीत नव्हते. ते मिळाले संहितेच्या समासातून. एक्झॉनमध्ये आणि त्याच्या शेजारच्या इंट्रॉनमध्ये काही छोट्या अक्षरमाला असतात. काही प्रथिने त्यांवर बसून ‘हा ठेवा’ असे सुचवतात, तर काही ‘हा गाळा’ असे. कोणत्या पेशीत कोणती प्रथिने किती आहेत, त्यांच्या रस्सीखेचीत कोण सरस ठरते, यावर पाठ ठरतो. शिवाय प्रतिलेखन पुरे होईपर्यंत कात्री थांबत नाही. बरीचशी जोडणी लिहिता लिहिताच होते. लेखणी सावकाश चालली तर दुर्बल खुणांच्या एक्झॉनलाही ओळखले जाण्यास अवधी मिळतो, असे ब्वेनोस आयरेस येथील अल्बेर्तो कोर्नब्लित यांच्या गटाने दाखवले.

सर्क नावाच्या संकेतवाहक प्रथिनाचे उदाहरण पाहावे. चेतापेशीत त्याच्या संदेशात केवळ अठरा अक्षरांचा एक जादा एक्झॉन असतो. इतर पेशींत तो गाळला जातो. डग्लस ब्लॅक यांच्या प्रदीर्घ संशोधनातून दिसले की, इतर पेशींत पीटीबी नावाचे प्रथिन या एक्झॉनच्या आजूबाजूला बसून त्याला झाकते. चेतापेशी घडत असताना एक अतिलघू आरएनए पीटीबीचे प्रमाण घटवतो, हे २००७ साली स्पष्ट झाले. झाकण निघते आणि अठरा अक्षरे वाचली जातात. म्हणजे संपादकावरही संपादक आहे.

या साखळीचे सर्वांत बोलके उदाहरण सीडी-४५ हे होय. रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असते. निरोप आत नेणाऱ्या एका विकरावर फॉस्फेटचे कुलूप असते. ते काढून त्याला सज्ज ठेवण्याचे काम सीडी-४५ करते. त्याच्या जनुकातील चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन एक्झॉन ऐच्छिक आहेत. ज्या टी-पेशीला अद्याप शत्रू भेटलेला नाही तिच्यात लांब पाठ आढळतात. शत्रू भेटून पेशी उत्तेजित झाली की काही दिवसांत तिन्ही एक्झॉन गळून आखूड पाठ प्रबळ होतो. आखूड प्रथिने जोडीजोडीने अधिक सहज एकत्र येतात आणि त्यामुळे त्यांची धार कमी होते, असे प्रयोगांवरून दिसते. उत्तेजनाला लगाम घालण्याची ही सोय असावी.

आता पेशीबाहेरील शत्रूची वार्ता केंद्रकातील कात्रीपर्यंत पोचते कशी? २०१० साली फ्लोरियन हेड आणि क्रिस्टन लिंच यांनी या वाटेतील एक दुवा उलगडला. जीएसके-३ हे विकर शांत पेशीत पीएसएफ नावाच्या प्रथिनावर एक फॉस्फेट चढवून ठेवते. ती खूण पाहून दुसरे एक प्रथिन पीएसएफला धरून बसते. पेशीला निरोप मिळाला की जीएसके-३ मंदावते, नव्या पीएसएफवर खूण चढत नाही, ते मोकळे राहते, सीडी-४५च्या आरएनएवर जाऊन बसते आणि एक्झॉन गाळायला लावते.

या वर्तुळाकडे नीट पाहावे. सीडी-४५ हे निरोप ग्रहण करण्यास मदत करणारे प्रथिन. त्याच निरोपाचा एक फाटा केंद्रकात जातो आणि सीडी-४५चीच पुढील आवृत्ती बदलतो. पुस्तक वाचून वाचक बदलावा, आणि बदललेल्या वाचकाने पुस्तकाची पुढची आवृत्ती बदलावी, तसे हे आहे. ‘कात्री कोणाच्या हाती’ या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येत नाही, ते यामुळेच. कात्री संहितेतील खुणांच्या, पेशीतील प्रथिनांच्या आणि बाहेरून आलेल्या प्रसंगाच्या समायिक हाती आहे.

६

२००१ साली मानवी संहितेचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा या प्रश्नाला नवे वजन आले. मानवात सुमारे एक लाख जनुके असावीत असे अनेक जण धरून चालले होते. मसुद्याने तीस ते चाळीस हजारांचा अंदाज दिला. आज प्रथिने सांगणाऱ्या जनुकांची संख्या सुमारे वीस हजार मानली जाते. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा ग्रंथ कसा, याचे एक उत्तर पर्यायी जोडणीत दिसू लागले. २०००मध्ये फळमाशीच्या डीस्कॅम या जनुकाचे वर्णन झाले होते. वाढत्या चेतातंतूंना वाट दाखवणारे हे ग्राही प्रथिन. त्याच्या चार ठिकाणी अनुक्रमे बारा, अठ्ठेचाळीस, तेहतीस आणि दोन पर्यायांतून एकेकाची निवड होते. गुणाकार केला तर एका जनुकाचे ३८,०१६ पाठ संभवतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी सांगितले की, एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकांत पर्यायी जोडणी होते.

येथे मात्र सावध राहणे आवश्यक आहे, आणि ती सावधगिरी आपल्या शास्त्रात जुनी आहे. हस्तलिखितात सापडणारा प्रत्येक फरक पाठभेद नसतो; कित्येकदा तो लेखनिकाचा प्रमाद असतो. पेशीतही आरएनएच्या पातळीवर आढळणारे अनेक पाठ प्रत्यक्ष प्रथिनाच्या रूपात सापडत नाहीत. त्यांतील किती अर्थपूर्ण आणि किती निव्वळ हातचुका, यावर अभ्यासकांत गंभीर मतभेद आहेत. म्हणून ‘एका जनुकाचे हजार अर्थ’ ही घोषणाही ‘एक जनुक, एक अर्थ’ या जुन्या घोषणेइतकीच तपासून घेतली पाहिजे.

पाठचिकित्सेशी असलेले साम्य येथे संपते, हेही नोंदवले पाहिजे. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मागे कोठेतरी एक अस्सल पाठ आहे आणि त्याच्याकडे परतायचे आहे, ही श्रद्धा त्या श्रमांमागे होती. पेशीत असा परतण्याजोगा अस्सल पाठ नाही. थायरॉइडचा पाठ शुद्ध आणि चेतापेशीचा भ्रष्ट, असे म्हणता येत नाही. आपापल्या जागी दोन्ही शुद्धच.

७

पाठ चुकतो तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण संकेतवाहक प्रथिनांच्या बाहेरचे असले तरी येथे आवश्यक आहे. पाठीच्या कण्यातील स्नायुचालक चेतापेशी नष्ट होत जाणाऱ्या एसएमए या आनुवंशिक विकारात एसएमएन-१ हे जनुक निकामी असते. त्याची जवळजवळ हुबेहूब जुळी प्रत, एसएमएन-२, आपल्यापाशी असते. पण ती पुरेशी उपयोगी पडत नाही. १९९९ साली कारण कळले. तिच्या सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर बदललेले आहे. त्या बदलाने अमिनो आम्ल बदलत नाही. कोशाच्या दृष्टीने दोन्ही शब्द समानार्थी आहेत. परंतु ते अक्षर ‘हा ठेवा’ या समासातील खुणेचा भाग होते. अर्थ तोच राहिला, खूण पुसली गेली, आणि अख्खा एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जाऊ लागला. शब्दाचा कोशगत अर्थ तोच असूनही लेखन बदलते, हे कवितेच्या शिक्षकाला निराळे सांगायला नको.

२००६ साली रवींद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या इंट्रॉनमध्ये ‘हा गाळा’ असे सांगणारी एक अक्षरमाला शोधली. तिलाच झाकणारे, अक्षरे जुळवून तयार केलेले औषध एड्रियन क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले आणि डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एकेकाळी ज्यांना निव्वळ रद्दी मानले जाई, त्या इंट्रॉनमधील एका ओळीवर बोट ठेवल्याने मुले बसू लागली, काही चालू लागली. पहिल्या वर्षाच्या उपचाराची जाहीर किंमत साडेसात लाख डॉलर होती, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे. पाठ वाचता येणे आणि तो दुरुस्त करून घेणे परवडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. ‘हे आमच्या डीएनएमध्येच आहे’ असे म्हणणारा माणूस आज डीएनएविषयी जे सांगतो आहे, ते साधारण १९६४ सालचे आहे. त्यानंतरचा इतिहास सांगतो की संहिता आहे, तिची बंधनेही आहेत. जी अक्षरे नाहीत ती कोणतीही कात्री निर्माण करू शकत नाही. परंतु त्या संहितेतून कोणते वाक्य उभे राहील, हे जागा, वेळ आणि आलेला निरोप यांवाचून ठरत नाही. टी-पेशीला कोणता पाठ उच्चारायचा हे शत्रू भेटेपर्यंत ठाऊक नसते. संहितेतच सारे काही आहे हे जसे खरे नाही, तसेच वाचक म्हणेल तो अर्थ हेही खरे नाही. गेली काही दशके या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणाऱ्या आपल्या समीक्षेलाही यातून थोडे शिकता येईल.

उसनी गेलेली भांडी परत आली आहेत. संहिता, पाठ, वाचन हे शब्द गेले तेव्हा होते त्याहून जड होऊन आले आहेत. निदान वर्गात तरी ते पुन्हा वापरताना हे वजन हाताला जाणवावे. आणि यापुढे एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात कोणा समाजाचा स्वभाव त्याच्या डीएनएत लिहिला आहे असे लिहिले, तर समासात लाल शाईने एवढेच विचारावे : लिहिला असेल, पण वाचला कोणी, केव्हा आणि काय गाळून?